उभी वाहतूक

नोटेला वास असतो. ज्याच्या हातात ती येते आणि लगेच जाते त्याला तो कळत नाही. दिवसभर खिडकीत बसणाऱ्याला विचारा. कुणाची घामानं भिजलेली, कुणी मोज्यात दडवून आणलेली, कुणी मासळी साफ करता करता तशाच हातानं उचललेली, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे अंगठ्याला थुंकी लावून डोळ्यांदेखत सुटी केलेली. वाहन नोंदणी कार्यालयात तळमजल्यावर, जिन्याच्या पोटात, एक खिडकी आहे. तिथं पूलबाई बसत. असल्या नोटा त्यांच्या हातावरून वर्षानुवर्षं गेल्या, पण बाईंनी कधी नाक मुरडलं नाही. देवापुढच्या पेटीत पडलेली नोट कुणी हुंगून बघतं का? तसंच ते.

पूलबाई हे काही त्यांचं नाव नव्हे, लोकांनी पाडलेलं. गावाच्या मधून नदी जाते. तिच्यावरचा जुना पूल खचला, आणि दोन्ही तोंडांना कमरेएवढ्या भिंती घालून तो गाड्यांना बंद केला. पायी माणूस अजूनही भिंत ओलांडून जीव मुठीत धरून जातो. गाडीला मात्र दगडखाणीच्या रस्त्यानं वळसा घालावा लागतो. आणि त्या रस्त्याला रस्ता म्हणणं म्हणजे खरूज झालेल्या कुत्र्याला मखमल म्हणण्यासारखं आहे. तेव्हा गावच्या नगरपालिकेनं ठराव केला : गावातल्या प्रत्येक गाडीच्या नोंदणीवर दरवर्षी एक जादा आकार घ्यायचा, नाव वाहतूक निधी. त्या वेळचे साहेब, आता निवृत्त झालेले, स्वतः खिडकीशी आले होते. म्हणाले, "बाई, लोक बोंबलतील. विचारलं की एवढंच सांगा, पुलासाठी."

बाईंनी ते धरलं. कीर्तनात बुवा कुठंही भटकून आले तरी पालुपदावर येऊन टेकतात ना, तशा बाई दिवसभर कुठूनही फिरून तिथंच येत.

"हा आकार कसला आणखी?"

"पुलासाठी."

"माझी सायकलला जोडलेली मोटर आहे हो, तिलाही?"

"तीही पुलावरूनच जाणार ना? पुलासाठी."

लोक शिव्या देत, पण पैसे देत. कारण बाईंच्या तोंडून 'पुलासाठी' आलं की ऐकणाऱ्याला पलीकडचा काठ जरा जवळ आल्यासारखा वाटे. मग थट्टा सुरू झाली. "पूलबाई, आज कितवा खांब?" "पूलबाई, माझी नातवंडं जातील का तुमच्या पुलावरून?" बाई पावती फाडता फाडता म्हणत, "नातवंडं जातील. तुम्ही मात्र आधी रांगेत नीट उभे राहा." रांग हसे. बाईही हसत. आणि ती ओली, कुबट नोट बोटांनी सरळ करून अशी ठेवत, जणू पुलाचा एकेक चिरा बसवतायत.

त्या रांगेत वर्षातून एकदा त्यांच्या नणंदबाईही येत. नणंदेला त्या वन्सं म्हणत. वन्सं पलीकडच्या काठावर राहत आणि मालवाहू टेम्पो चालवत. खताच्या गोण्या, काच, कपाटं, लग्नाची भांडी, जे मिळेल ते वाहत. वहिनी खिडकीत आहे म्हणून कधी पुढं घुसल्या नाहीत. टेम्पो आधी त्यांच्या नवऱ्याचा होता. एका दुपारी त्याच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका निघाली, पण दगडखाणीच्या रस्त्यानं निघाली. वाट बघून बघून शेजारच्या चौघांनी त्याला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं, खुर्ची उचलली आणि भिंत ओलांडून मोडक्या पुलावरून चालू लागले. दवाखाना अलीकडच्या काठावर, समोर दिसतोय. पुलाच्या मध्यावर तो म्हणाला, "खाली ठेवा रे मला जरा. नदी बघतो." त्यांनी ठेवलं. तो नदी बघत बघतच गेला.

खुर्ची कुणीतरी परत आणून ठेवली. वन्संच्या घरात ती अजून आहे, तिच्यावर कुणी बसत नाही.

पुढं निधी सुरू झाला तेव्हा वन्संचा डॉक्टरवर विश्वास नव्हता, सभासदांवर नव्हता, अध्यक्षांवर तर मुळीच नव्हता. पहिल्या वर्षी त्या खिडकीशी आल्या, नोट पुढं सरकवली आणि हात नोटेवरच ठेवून विचारलं, "कशासाठी गं?"

"पुलासाठी, वन्सं."

"तू सांगतेस?"

"मी सांगते."

मग त्यांनी हात उचलला. दरवर्षी हेच. तोच प्रश्न, तेच उत्तर, मग हात उचलायचा. रांगेतल्या लोकांना वाटे, नणंद-भावजयीचा काहीतरी खेळ आहे. खेळ नव्हता. ती दोघींची शपथ होती.

* * *

नवे साहेब आले ते सेंट लावून आले. माणूस दिसायला गोंडस होता. कपडे परीटघडीचे, बूट आरशासारखे. पण त्यांना एक सवय होती. गाडीची किल्ली कानात घालायची, डोळे अर्धे मिटून फिरवायची, बाहेर काढायची, टोकाला काय आलं ते निरखायचं, आणि मग त्याच किल्लीनं समोरच्या कागदावर टकटक करत बोलायचं. किल्ली सरकारी गाडीची. खिडकीशी ती टकटक झाली की बाई कागद आपल्याकडे ओढून घेत आणि डब्याच्या वेळी हात जरा जास्तच चोळून धूत. पण मनात म्हणत, असू दे, प्रत्येकात काहीतरी असतं, माणूस कामाचा असला की झालं.

कामाचा होता खरा! आल्या आल्या त्यांनी जिन्याशेजारची भिंत फोडली. खिडकीला खेटूनच खड्डा खणला. धूळ इतकी की बाईंच्या पावतीपुस्तकावर बोटानं नाव लिहावं. गवंडी खड्ड्यातच तंबाखू थुंकत, तिथंच उरलेला भात टाकत, आणि दुपारी त्या सगळ्याची अशी वाफ वर येई की रांगेतली माणसं रुमाल नाकाला लावून उभी राहत.

"कसलं चाललंय हो, मामा?" बाईंनी शिपायाला विचारलं. शिपाई म्हातारा, सगळे त्याला मामा म्हणत.

"लिफ्ट."

"लिफ्ट? तीन मजल्यांना?"

"तिसऱ्या मजल्यावर कोण बसतं? साहेब. साहेबांकडे कोण येतं? अध्यक्ष. अध्यक्षांचे गुडघे कुणाच्या ताब्यात आहेत? कुणाच्याच नाहीत." मामांनी हात जोडले. "देव त्यांच्या गुडघ्यांना सद्बुद्धी देवो."

बाई हसल्या. कुठल्या पैशातून होतेय हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. सरकारी काम आहे, सरकारी पैसा असेल. माणूस सरळ असला की असाच विचार करतो, आणि सरळ माणसाच्या पाठीवरच लोक ओझं ठेवतात.

लिफ्टचं उद्घाटन थाटात झालं. फीत, हार, कापडानं झाकलेला फलक. लिफ्टच्या आत तिन्ही बाजूंनी आरसे, वर पंखा, आणि दार उघडलं की एक बाई गोड आवाजात मजल्याचं नाव सांगे. आत कुणीतरी सुगंधी फवारा मारून ठेवला होता. तो खड्ड्यातल्या जुन्या वासात मिसळून मेलेल्या उंदरावर अत्तर ओतल्यासारखा दर्प येत होता. सगळ्या कर्मचाऱ्यांना खाली उभं केलं होतं. साहेब बोलायला उभे राहिले. अध्यक्षांची स्तुती झाली, सभासदांची झाली. मग म्हणाले, "आणि मला सांगायला अभिमान वाटतो, की आपल्या वाहतूक निधीतून साकार झालेला हा पहिला प्रकल्प!"

टाळ्या पडल्या. बाईंनीही वाजवल्या. टाळ्या या अशाच असतात, शेजारचा वाजवतो म्हणून हात आपोआप उठतो. दोन टाळ्या झाल्या आणि तिसरीला बाईंचे हात एकमेकांपासून वीतभर अंतरावर तसेच थांबले. वाहतूक निधी म्हणाले का? त्यांनी मामांकडे पाहिलं. मामा जमिनीकडे बघत होते. फलकावरचं कापड ओढलं गेलं. लिफ्टच्या दाराशी सुरेख अक्षरांत लिहिलं होतं : फक्त पदाधिकारी व अधिकारी यांच्यासाठी.

बाईंनी हात खाली घेतले आणि पदराला पुसले.

* * *

दुपारी बाई तिसऱ्या मजल्यावर गेल्या. जिन्यानं गेल्या. साहेबांच्या खोलीत पेढ्याबिढ्यांची रिकामी खोकी पडली होती, टेबलावर माशा होत्या. साहेब किल्ली कानात घालून बसले होते.

"या बाई, या. लिफ्टनं आलात ना? आजच्या दिवस चालेल."

"साहेब, तो निधी पुलासाठी होता."

किल्ली कानातच थांबली. "कुणी सांगितलं?"

"आधीच्या साहेबांनी. मी खिडकीत तेच सांगत आले लोकांना."

"कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. सांगितलं होतं."

"सांगितलं होतं!" साहेब खूश झाले. किल्ली बाहेर काढून त्यांनी तिचं टोक नीट पाहिलं आणि टेबलाच्या कडेला पुसलं. "बाई, सांगणं वाऱ्यावर जातं. ठरावात शब्द काय आहे? वाहतूक प्रकल्प. आता मला सांगा, वाहतूक म्हणजे काय? वाहून नेणं. माणूस किंवा माल एका जागेवरून दुसऱ्या जागी वाहून नेणं. बरोबर?"

"बरोबर."

"लिफ्ट काय करते?"

बाईंनी टेबलावरच्या माशा हातानं हाकलल्या.

"वाहूनच नेते ना? मग? आडवंच न्यायचं असं कुठं म्हटलंय? पूल म्हणजे आडवी वाहतूक. ही उभी वाहतूक." साहेबांना आपलाच शब्द इतका आवडला की त्यांनी तो पुन्हा उच्चारला, जिभेवर गोळी फिरवावी तसा. "उभी वाहतूक! अध्यक्ष तर हसून हसून लोळले."

बाईंच्या डोळ्यांसमोर खुर्ची आली. स्वयंपाकघरातली, एक पाय किंचित आखूड असलेली. तिच्यावर बसलेला माणूस, आणि चार माणसं ती वाहून नेतायत. तीही वाहतूकच होती. वाहणारे होते, वाहून न्यायचा माणूस होता, नव्हता तो फक्त पूल. आणि हा गोंडस माणूस कानातला मळ पुसून शब्दाचा कीस काढतोय.

"आणि पूल, साहेब?"

"होईल की! पुलाला निधी लागतो. निधी जमतोय. तुम्हीच तर जमवताय." ते मायेनं हसले. "फक्त एक करा. 'पूल' हा शब्द उद्यापासून खिडकीतून बाहेर जाता कामा नये. उगाच लोकांच्या अपेक्षा वाढतात. कुणी विचारलं तर सांगायचं, 'वाहतूक प्रकल्पासाठी'. खोटं आहे का ते? तुम्ही देवाधर्माच्या बाई, मी तुम्हाला खोटं बोलायला लावतोय का?"

"नाही."

"झालं तर. आणि लिफ्टचं नाव काढायचं नाही. काढलंत तर मागच्या अंगणात जप्त केलेल्या गाड्यांचं गोदाम आहे. तिथं बसायला माणूस नाहीच आहे." त्यांनी किल्लीनं टकटक केलं. "पेढा घ्या."

बाईंनी पेढा घेतला, कारण नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. जिना उतरताना तो हातात वितळला. खाली आल्यावर त्यांनी तो खिडकीमागच्या कचऱ्यात टाकला, हात धुतले, पुन्हा धुतले, तरी तळव्याला तूप लागल्यासारखं वाटतच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून बाई तो शब्द म्हणू लागल्या. "वाहतूक प्रकल्पासाठी." लोकांच्या लक्षातही आलं नाही. थट्टा चालूच होती, "काय पूलबाई?" पण ती हाक आता अंगावर पाल पडल्यासारखी पडे. आणि वास! इतकी वर्षं जो वास कधी आला नाही तो एकाएकी नाकात शिरला आणि बसला. नोट पुढं आली की पहिल्यांदा थुंकी दिसे, मग घाम, मग नखातला मळ. माणूस दिसेनासा झाला. एका दूधवाल्यानं नोट दिली आणि बाईंना शिसारी आली, तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटली. दूधवाल्याचा काय दोष? त्याचा घाम कालही होता. काल त्याचा पूल होत होता, आज त्याचा आरसा झाला आहे, ज्यात दुसरेच कुणी भांग पाडतात.

बाईंचा नवरा घड्याळं दुरुस्त करी. माणूस कमी बोले, पण बोले ते नेमकं दुखऱ्या जागी. बाई जेवायला बसण्याआधी हात घासतायत, घासतायत, हे तो काही दिवस बघत होता.

"साबण संपेल," तो म्हणाला. "ताईला सांगितलंस?"

"तुम्ही सांगा ना. बहीण तुमची आहे."

"बहीण माझी आहे, म्हणूनच. मी तिला कधी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते तू."

"साहेबांनी दिलेला शब्द खोटा नाहीये म्हणे. वाहतूक प्रकल्प."

"मग तोच सांग तिला." त्यानं डोळ्याला लावायचं भिंग खिशात घातलं. "नोंदणीची वेळ आलीच आहे तिची. हात नोटेवर ठेवून विचारेल. तेव्हा 'वाहतूक प्रकल्पासाठी, वन्सं' म्हण. बघ तोंडातून येतं का."

त्या दिवसापासून बाई रांगेकडे बघायला घाबरू लागल्या. गोदामाची भीती होतीच. तिथं पत्रा तापतो, उंदीर फिरतात, जप्त झालेल्या गाडीत कुणाचं काय काय सडत पडलेलं असतं. निवृत्तीला फार दिवसही राहिलेले नव्हते. पण त्याहून मोठी भीती त्या हाताची होती. दिवसभर गोड, गुळगुळीत, कुठं बोट न ठेवता येणारा शब्द बोलता येतो. नवरा गमावलेल्या नणंदेपुढं येईल का?

* * *

वन्सं आल्या त्या दिवशी रांग दारापर्यंत होती. त्या नेहमीसारख्या शेवटी उभ्या राहिल्या. बाईंनी त्यांना पाहिलं आणि मान खाली घातली. पावत्या फाडत राहिल्या, शब्द म्हणत राहिल्या, आणि रांग काही केल्या थांबेना. एकेक माणूस कमी होत गेला, आणि बाईंना वाटलं, एखादं तरी भांडण होऊ दे, एखाद्याचे कागद तरी अपुरे निघू दे. देवानं तेवढंही ऐकलं नाही.

त्यात लिफ्टचं दार उघडलं. "तळमजला," गोड आवाज म्हणाला. साहेब बाहेर आले. बरोबर शेजारच्या गावचे कुणी अधिकारी होते. त्यांना लिफ्ट दाखवायची होती. "आरसे बघा," साहेब सांगत होते. "एवढी मोठी काच, पण चरा नाही." आणि किल्ली कानात गेली.

"चला पुढं," बाई म्हणाल्या.

वन्सं पुढं आल्या. टेम्पोचे कागद ठेवले. नोट ठेवली. नोटेवर हात ठेवला. तेलाचे डाग पडलेला, रुंद हात, करंगळीचं नख काळं झालेलं.

"कशासाठी गं, वहिनी?"

साहेबांनी तिकडं पाहिलं. किल्ली थांबली. त्यांनी बाईंकडे बघून बारीकशी मान हलवली, लहान मुलाला पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागायला सांगतात तशी.

बाईंनी तोंड उघडलं. शब्द तयार होता. दिवसभर घोळलेला, सवयीचा झालेला. तो घशापर्यंत आला आणि तिथं पेढ्यासारखा चिकटला. त्यांनी हाताकडे पाहिलं. गंमत बघा, या नोटेचा वास येत नव्हता.

"लिफ्टसाठी," बाई म्हणाल्या.

"कशासाठी?" मागचा एक म्हातारा म्हणाला. "बाई काय म्हणाल्या?"

"लिफ्टसाठी!" बाईंचा आवाज इतका मोठा असतो हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. "पूल नाही होणार, वन्सं. तुमच्या पैशांची ती लिफ्ट झाली. सगळ्यांच्या. मी तुम्हाला पूल म्हणाले, पूल नाही. ती बघा तिथं. ती उभी वाहतूक आहे म्हणे."

सगळ्या माना लिफ्टकडे वळल्या. मग रांगेतल्या दूधवाल्यानं विचारलं, "म्हणजे ती आमची आहे?"

"तुमचीच की," मामा स्टुलावरून म्हणाले. म्हाताऱ्याला काय झालं देव जाणे. "तुम्ही भरलेत पैसे."

"मग बघू तरी बसून!"

आणि काय सांगावं! रांग जी मोडली ती फलकाच्या अंगावरूनच गेली. म्हातारा, दूधवाला, दोन रिक्षावाले, एक बाळंतपणाला टेकलेली बाई, सगळे आत. "वर घे रे!" "आरशात बघ, आरशात, तुझे पैसे दिसतायत का!" "पंखा आहे लेको, पंखा! माझ्या टेम्पोला काच नाही!" साहेब "अहो, अहो" करत त्यांना अडवायला आत शिरले आणि आतच अडकले. दार मिटू लागलं, मिटेना. गोड आवाज म्हणाला, "भार अधिक आहे. कृपया एकाने बाहेर यावे."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आपण सगळे निधी भरणारे," दूधवाला म्हणाला. "कुणी न भरलेलं आहे का?"

"साहेबांची गाडी सरकारी आहे," मामांनी बाहेरून सांगितलं. "तिला निधी माफ आहे."

"भार अधिक आहे," लिफ्ट म्हणाली. "कृपया एकाने बाहेर यावे."

साहेब बाहेर आले. त्यांना कुणी धक्का दिला नाही, पण तेवढ्या गर्दीत माणूस बाहेर कसा येतो ते तुम्हाला माहीत आहे. परीटघडी चुरगळली होती, कुणाची तरी दुधाची बाही त्यांच्या छातीवर पुसली गेली होती. दार मिटलं. लिफ्ट आपला आरडाओरडा घेऊन वर गेली. शेजारचे अधिकारी रुमालात हसत होते. साहेब खिडकीशी आले. किल्लीनं टकटक करायला हात उचलला, पण किल्ली आतच कुठंतरी पडली होती. मग नुसत्या बोटानं टकटक केलं.

"उद्यापासून गोदाम," ते म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या.

साहेब जिन्यानं वर गेले. प्रत्येक मजल्यावर त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि मधूनच वरून खाली येणाऱ्या लिफ्टमधला हशा.

खिडकीशी वन्संच तेवढ्या उरल्या होत्या. हात अजून नोटेवर. बाईंना वाटलं, आता हा हात उठेल आणि नोट घेऊन जाईल, आणि पुन्हा आपल्या दारी येणार नाही. तसं झालं असतं तर त्याला त्या काही म्हणू शकल्या नसत्या.

"मला माहीत होतं," वन्सं म्हणाल्या.

"काय?"

"लिफ्टचं. ते आरसे कुणी आणले? माझ्याच टेम्पोतून आले, दगडखाणीच्या रस्त्यानं. भाडं ठरवणारा बोलला, वाहतूक निधीचं काम आहे, सांभाळून आण. एक चरा पडता कामा नये म्हणून मी गोधड्या घातल्या, पाऊल पाऊल गाडी चालवली." त्या थांबल्या. "माणसासाठी नाही गं कुणी इतकी सावकाश चालवत."

"मग विचारलंत कशाला?"

"तू काय सांगतेस ते बघायचं होतं. 'पूल' म्हणाली असतीस, किंवा ते दुसरं काहीतरी, जे तू हल्ली सगळ्यांना सांगतेस, तर परत तुझ्या दारात पाऊल टाकलं नसतं. भाऊ मेला असता तरी नसतं."

"वन्सं!"

"अगं, म्हणायची पद्धत असते." त्यांनी हात उचलला. "घे. नोंदणी तर करावीच लागेल, टेम्पो रस्त्यावर चालवायचाय. पावती दे. आणि पुढच्या वर्षी इथं दुसरं कुणी बसलेलं असेल, त्यालाही मी हात ठेवून विचारणार आहे. दर वर्षी विचारणार आहे."

"तो सांगेल, वाहतूक प्रकल्पासाठी."

"मग मी विचारीन, आडवी की उभी?"

दोघींना हसू आलं, पण ते हसू फार वर आलं नाही. मधेच कुठंतरी अडकलं. लिफ्ट खाली आली, लोक बाहेर पडले, पुन्हा रांगेत उभे राहिले आणि मुकाट्यानं आकार भरू लागले. कारण भरावाच लागतो. दूधवाला नोट देताना म्हणाला, "लिफ्ट झकास आहे हो, पूलबाई. पण नदी नाही दिसत तिच्यातून." बाईंनी नोट घेतली. वास आला. आता तो येणारच होता.

डब्याच्या वेळी वन्सं मागच्या पायरीवर थांबल्या होत्या. समोर गोदामाचा पत्रा तापत होता आणि तिकडून कुजकट वारा येत होता. बाई नळावर हात धूत होत्या. धुतले, हुंगले, पुन्हा धुतले.

"बस कर," वन्सं म्हणाल्या. "ये, जेव."

"जात नाही हो वास."

"नाही जात. माझ्याही हाताचा गेला नाही." त्यांनी आपले रुंद हात पुढं धरले आणि मग डबा उघडला. "उतरवताना त्यांच्या आरशावर धूळ बसली होती. मी माझ्या बाहीनं पुसली."

बाई येऊन शेजारी बसल्या. तसल्याच हातांनी दोघी जेवल्या.